संत गाडगे महाराज

गाडगे महाराजांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेंडगावला परिटाच्या घरी झाला. वडील लवकर वारले. डेबूजी मामाकडे वाढले, गुरं राखली, शेती केली. शाळा शिकायला मिळाली नाही.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे, हातात खराटा. त्याच गाडग्यात भाकरी खायचे. गावात आले की आधी गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे.

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा आणि शाळा बांधल्या. पंढरपूरला अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे, म्हणून चोखामेळा धर्मशाळा बांधली. स्वतःसाठी मात्र एक झोपडीसुद्धा बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ ला ते वारले.

– इयत्ता ४ थी