दादासाहेबांचा सिनेमा आणि सरस्वतीबाईंचे दागिने

मैत्रिणींनो, आपण चांदवडकर बायका खरेदीला, दवाखान्याला नाशिकला सारख्या जातो. कधी मुलांना पांडवलेण्याच्या पायथ्याचं फाळके स्मारकही दाखवून आणतो. दादासाहेब फाळके म्हणजे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, एवढं मुलांना पाठ असतं. पण त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं नाव कितीजणींना ठाऊक आहे?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असं बरंच करून झालं. पहिली पत्नी प्लेगात गेली. पुढे सरस्वतीबाई घरात आल्या. १९१० मध्ये मुंबईत येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने ते झपाटले. तोच खेळ दुसऱ्यांदा पाहिला तो बायकोला सोबत नेऊन! विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणला. पुढच्या खर्चाला सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले. अंगावरचं सोनं उतरवून देणं म्हणजे काय, हे बचत गटातल्या आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसत. ती अंधारात, हाताने पाडायचं काम सरस्वतीबाईंचं. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक! तारामतीच्या भूमिकेला एकही बाई मिळेना, तेव्हा दादासाहेबांनी त्यांनाही विचारलं. त्या नाही म्हणाल्या. एवढा व्याप सांभाळून आणखी राणी कधी व्हायचं? शेवटी साळुंके नावाचा तरुण तारामती झाला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला.

मग बिऱ्हाड नाशिकला आलं. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. त्या काळी केवढं धाडस ते! १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये तर फाळक्यांची मंदाकिनीच बाळकृष्ण झाली.

पुढे भागीदारांशी पटेना. दादासाहेब रुसून काशीला गेले, परत आले. बोलपट आले तसे ते मागे पडले. १९३७ चा 'गंगावतरण' शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच ते गेले.

सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. १९६९ चा तो पहिला मान मिळाला एका बाईला, देविका राणींना.