मिठावरून पकडलेली घाण

नळाचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून तुम्ही बिनधास्त पिता ना? एलेन स्वॅलो रिचर्ड्सने असा भरवसा कधीच ठेवला नाही.

१८४२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात जन्मलेली एलेन ही ‘एमआयटी’ची पहिली विद्यार्थिनी. तिची फी माफ झाली. तिला वाटलं, गरिबीमुळे. खरं कारण वेगळंच होतं. मुलगी घेतली म्हणून कुणी ओरड केलीच, तर ती आमची विद्यार्थिनीच नाही, असं सांगून संस्थेला हात झटकता यावेत! तरी १८७३ मध्ये तिने पदवी मिळवलीच.

१८८७ पासून राज्यभरातल्या पाण्याचे हजारो नमुने तिच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. त्यातलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, मोजला जायचा. समुद्रापासून जितकं आत जाल, तितका हा अंश कमी व्हायला हवा. एखाद्या गावात तो जास्त निघाला, की सांडपाणी मिसळल्याचा संशय पक्का. कारण माणसाच्या मूत्रातही मीठ असतंच. आणि सांडपाण्याबरोबर येतो टायफॉइड. या नैसर्गिक प्रमाणाचा एलेनने चक्क नकाशा बनवला. डोळ्यांना न दिसणारी घाण आकड्यांत पकडता येऊ लागली.

१९११ मध्ये एलेन गेली. पाणी तपासणीच्या अहवालात क्लोराइडचा रकाना मात्र आजही असतो. तुमच्या सोसायटीच्या बोअरचा अहवाल कधी मागून बघितलाय?