ग्रेस हॉपर : उतरवून घेण्याची कटकट गेली आणि कंपायलर आला

न्यूयॉर्कमध्ये ९ डिसेंबर १९०६ रोजी जन्मलेल्या ग्रेस यांनी सातव्या वर्षी घरातली गजराची घड्याळे एकामागोमाग एक खोलून ठेवली. सात घड्याळे सुटी झाल्यावर आईने एकाच घड्याळावर भागवायला लावले. पुढे १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली पीएचडी, वासर कॉलेजात प्राध्यापकी, सगळे सुरळीत होते. महायुद्ध पेटले आणि वजन कमी भरत असूनही खास परवानगी काढून त्या नौदलात शिरल्या. १९४४ मध्ये नेमणूक झाली हार्वर्डच्या मार्क वन संगणकावर.

तेव्हाचे प्रोग्राम म्हणजे नुसत्या आकड्यांच्या ओळी. एखादे गणित सोडवणारा तुकडा सहकाऱ्याच्या वहीत असला की तो मागून आणायचा आणि हाताने उतरवायचा. प्रत्येक तुकड्याचे पत्ते शून्यापासून सुरू होणारे, म्हणून नव्या जागी बसवताना प्रत्येक पत्त्यात बेरीज करावी लागे. गणितात मुरलेल्या मंडळींचीही बेरीज चुकायची, बी अक्षराचा १३ व्हायचा.

१९४९ मध्ये हॉपर फिलाडेल्फियात युनिव्हॅक बनवणाऱ्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे १९५१-५२ मध्ये ए-झिरो तयार झाला. तपासलेले तुकडे चुंबकीय टेपवर ठेवून प्रत्येकाला क्रमांक दिला. माणसाने फक्त क्रमांक द्यायचे. तुकडा शोधणे, बसवणे, पत्ते जुळवणे यंत्राचे काम. नाव कंपायलर पडले, पण काम पाहिले तर बरेचसे आजच्या लिंकरचेच.

एक पेच मात्र होता. अजून न बसवलेल्या पुढच्या तुकड्याकडे उडी घ्यायची, तर त्याचा पत्ता आधी कसा कळणार? हॉपर कॉलेजात बास्केटबॉल खेळलेल्या. चेंडू थेट टोपलीकडे न टाकता वाटेतल्या साथीदाराकडे द्यावा, तशी त्यांनी उडी आधी एका राखीव कोपऱ्यात पाठवली. पत्ता कळला की तिथून पुढे. हिशेबनीस न जुळणारी रक्कम उचंत खात्यात टाकतो, तसेच हे.

वरिष्ठांना पटेना. यंत्राने गणित करावे, प्रोग्राम कसला तयार करणार, असा सूर होता.

आज वॉशिंग मशीनमधल्या मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रामही याच वाटेने जातो. कंपायलर एकेक सोर्स फाईल स्वतंत्र घेतो, हेडर फाईल ठरवून दिलेल्या फोल्डरांतच धुंडाळतो आणि बाहेरच्या फंक्शनचा पत्ता मोकळा सोडतो. तो लिंकर भरतो, तेही हाती दिलेल्या फाईल आणि लायब्ररींतूनच. म्हणून हेडर सापडूनही शेवटी घोडे अडते. नाव कळलेले असते, पण मूळ सोर्स फाईल प्रोजेक्टच्या यादीत घालायची राहिलेली असते. ती शेजारच्या फोल्डरात डोळ्यांसमोर असली, तरी लिंकर आपणहून उचलत नाही. नवशिके मात्र तासन्‌तास आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतात.

पुढे हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक भाषेवरून कोबोल आकाराला आली. बँकांनी ती अनेक दशके वापरली. नौदलाने १९६६ मध्ये त्यांना निवृत्त केले, पुढच्याच वर्षी परत बोलावले. १९८६ मध्ये ७९ व्या वर्षी त्या रिअर अॅडमिरल म्हणून बाहेर पडल्या. १ जानेवारी १९९२ रोजी व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.