छऱ्याच्या बंदुकीपासून पाखरांच्या कायद्यापर्यंत : डॉ. सलीम अली यांची गोष्ट

मुंबई उपनगर : अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर म्हटलं की आज लोकलची गर्दी आणि टॉवर डोळ्यांपुढं येतात. पण शंभर वर्षांपूर्वी हा सगळा साष्टीचा मुलूख म्हणजे गावठाणं, भातखाचरं, खाजणं आणि रान होतं. इथल्या पाखरांची नीट यादी करणारा माणूस म्हणजे डॉ. सलीम अली. जगभर त्यांना पक्ष्यांचे अभ्यासक म्हणून ओळखतात. पण त्यांची सुरुवात झाली ती शिकारीतून.

चिमणी पडली आणि आयुष्य बदललं

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांत ते शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरी त्यांना वाढवलं. मामा पट्टीचे शिकारी. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक आणून दिली. सुट्टीत चेंबूरला जायचं, रानात भटकायचं, हा पोराचा आवडता उद्योग.

दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खायला चालते का, असा प्रश्न पडला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड साहेब पोरावर चिडले नाहीत. त्यांनी कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. तिथंच पोराला नाद लागला.

तेव्हाचा कायदा कुणासाठी होता?

इंग्रजांनी १८८७ मध्ये रानपाखरांसाठी कायदा केला. विणीच्या हंगामात शहराच्या हद्दीत नुकती मारलेली पाखरं विकू किंवा बाळगू नयेत, एवढाच त्याचा आवाका. १९१२ मध्ये नवा कायदा आला. त्यात मोर, तित्तिर, बदक, हरिण, ससा यांच्यासाठी शिकारबंदीचे महिने ठरवायची सोय झाली. वाघ त्या यादीतच नव्हता. उलट वाघ-बिबटे मारले तर सरकार बक्षीस द्यायचं.

दुसरीकडं १८७८ चा आणि पुढं १९२७ चा वन कायदा होता. राखीव जंगलात शिकार करणं, फासे लावणं, गुरं घालणं गुन्हा ठरला. चुकार गुरांसाठी १८७१ पासून कोंडवाड्याचा कायदा होताच. म्हणजे शिकार तीच, पण साहेबाच्या हातात परवाना आणि वारली-कातकऱ्याच्या हातात फासा. एकाचा तो खेळ, दुसऱ्याचा तो गुन्हा. गावकऱ्याला आपल्याच रानात घुसखोर ठरवलं गेलं.

नोकरी गेली, सुगरण भेटली

सलीम अलींचा प्रवास सरळ नव्हता. तरुणपणी ते घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. मुंबईच्या संग्रहालयात नोकरी लागली, मग ते जर्मनीला शिकायला गेले. १९३० मध्ये परत आले तर पैशाअभावी जागाच रद्द झालेली. दोघं अलिबागजवळ किहीमला राहायला गेली.

तिथं घराजवळ सुगरणींचे खोपे होते. त्यांनी पाहिलं की खोपा नर विणतो. मादी येऊन तपासते. पसंत पडला तरच संसार मांडते. मग नर दुसरा खोपा विणायला घेतो, दुसरी मादी आणतो. आपण पिढ्यान् पिढ्या खोपे बघत आलो, पण ही गंमत त्यांनी दिवसचे दिवस बसून टिपली.

पुढं संस्थानांमधून पक्ष्यांच्या पाहण्या केल्या. तेहमिना प्रत्येक मुक्कामी सोबत असत. १९३९ मध्ये त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. नातलग हुमायून अब्दुलअली यांच्यासोबत त्यांनी मुंबई आणि साष्टीच्या पाखरांवर लिहिलं. याच हुमायून यांच्या पुढाकारानं स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये मुंबई राज्यात वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. देशभरासाठी कायदा यायला १९७२ उजाडलं.

भरतपूरचा धडा

राजस्थानातलं भरतपूर हे राजाचं शिकारीचं तळं. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीनं तिथं एका दिवसात ४,२७३ पाखरं मारली. स्वातंत्र्यानंतर ते तळं वाचवण्यासाठी सलीम अली झटले. पण १९८२ मध्ये तिथं गुरांची चराई बंद झाली. गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. चराई थांबावी असंच सलीम अलींचंही मत होतं. पुढं त्यांच्याच सोसायटीच्या अभ्यासात दिसलं की म्हशी गेल्यावर गवत माजलं, पाणी झाकलं आणि पाखरांचीच अडचण झाली. एवढा मोठा जाणकार, पण गुराख्याला जे कळत होतं ते कागदावर यायला वर्षं गेली.

२० जून १९८७ रोजी, नव्वदी पार केल्यावर सलीम अली गेले. पद्मविभूषण मिळालं, राज्यसभेवर नेमणूक झाली. बक्षिसाची मोठी रक्कम त्यांनी सोसायटीला देऊन टाकली.

आज सशाला फासा लावणं सगळ्यांसाठीच गुन्हा आहे, कुणा साहेबालाही सूट नाही. हे चांगलंच झालं. पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांचा हक्काचा प्रश्न अजून मिटलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं वाट दाखवली आहे. रान राखायचं तर रानातल्या माणसाला बाहेर काढून चालत नाही. म्हशींनी भरतपूरला हेच शिकवलं.