जिमी जॉर्ज : हवेत थांबणारा माणूस

दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात, ही पहिली विनंती. दुसरं म्हणजे, हा लेख मेसच्या जेवणावर नाही. (तो दरवर्षी एक असतोच, यंदाही कुणीतरी लिहिला असेलच!) हा लेख एका व्हॉलीबॉलपटूवर आहे, जो मी जन्मायच्या कितीतरी आधी हे जग सोडून गेला.

जिमी जॉर्ज हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते हॉस्टेलच्या मागच्या ग्राउंडवर. सेकंड इयरला असताना माझा एक स्मॅश चुकून फारच झकास बसला आणि नेटपलीकडच्या आमच्या केरळी मित्राने मला याच नावाने हाक मारली. मला वाटलं मल्याळीत शिवी असेल! रात्री मेसमध्ये भांडायला गेलो, तर पठ्ठ्याने तासभर त्या माणसाची गोष्ट ऐकवली. नंतर मी जिथे मिळेल तिथे वाचत गेलो, आणि अजून तो माणूस डोक्यातून जात नाही.

जिमीचा जन्म ८ मार्च १९५५ चा, केरळमधल्या कण्णूर जिल्ह्यातल्या पेरावूर गावचा. वडील स्वतः युनिव्हर्सिटी लेव्हलला व्हॉलीबॉल खेळलेले, त्यांनीच मुलांना शिकवलं. घरात आठ भाऊ आणि आठही जण खेळणारे. टीमला लागतात सहा, म्हणजे एक्स्ट्रा प्लेअरसुद्धा घरचेच! अ‍ॅथलीट अंजू बॉबी जॉर्ज आपल्याला माहीत आहे, २००३ मध्ये पॅरिसच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये लांब उडीचं ब्राँझ जिंकणारी. तिचे कोच आणि पती रॉबर्ट बॉबी जॉर्ज हे याच आठांपैकी एक.

१९७१ साली, सोळाव्या वर्षी, जिमी केरळ राज्याच्या टीममध्ये आला. (सोळाव्या वर्षी मी क्लासच्या शेवटच्या बाकावर झोपा काढत होतो.) १९७३ मध्ये त्याने पाला गावच्या सेंट थॉमस कॉलेजात अ‍ॅडमिशन घेतली आणि केरळ युनिव्हर्सिटीकडून खेळू लागला. इथून पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो आपल्यासारख्या कॉलेजच्या पोरांचा आहे.

अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा म्हणजे काय, हे ग्राउंडवर न फिरकणाऱ्यांसाठी सांगतो. आधी कॉलेजा-कॉलेजांच्या मॅचेसमधून युनिव्हर्सिटीची टीम निवडतात. ती टीम आपल्या झोनमध्ये खेळते. झोनमध्ये वरचा नंबर आला, तरच देशभरातल्या टीम्ससमोर उभं राहायला मिळतं. केरळ युनिव्हर्सिटीने ही स्पर्धा १९७३ ते १९७६ अशी सलग चार वर्षं जिंकली, आणि शेवटच्या वर्षी कॅप्टन होता जिमी. एखाद्या क्लबने सलग चारदा जिंकणं मी समजू शकतो. पण कॉलेजची टीम म्हणजे दरवर्षी गळणारी बादली. चांगले सिनिअर पास होऊन जातात आणि नवीन पोरांना लिफ्टही धड देता येत नाही. पहिल्या वर्षी जिंकलेली टीम चौथ्या वर्षी शिल्लकच नसते. म्हणजे दर वर्षी पुन्हा नव्याने टीम बांधायची! त्यात पॉईंटची पद्धत तेव्हा वेगळी होती. सेट पंधराचा, पण पॉईंट फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच. समोरच्याची सर्व्हिस असताना तुम्ही कितीही भारी स्मॅश मारा, हातात फक्त सर्व्हिस यायची. मॅच रबरासारखी ताणली जायची.

आता त्याच्या उडीबद्दल. ज्यांनी त्याला पाहिलं ते सगळे एकच सांगतात, की जिमी वर गेला की हवेत थांबायचा. इंजिनिअरिंगच्या पोराला हे पचणं कठीण, म्हणून मी कॅल्क्युलेटर काढला. माणूस साठ सेंटिमीटर उडाला तर जमिनीवर परत यायला त्याला साधारण ०.७ सेकंद लागतात, एक मीटर उडाला तर ०.९. पण खरी गंमत पुढे आहे. उडी कितीही असो, हवेतला बरोबर अर्धा वेळ माणूस उंचीच्या वरच्या पाव भागात असतो. म्हणजे मीटरभर उडी मारणारा जवळजवळ अर्धा सेकंद वरच्या पंचवीस सेंटिमीटरमध्येच असतो. तोवर ब्लॉकवाले खाली येऊ लागलेले असतात, आणि २.४३ मीटरच्या नेटवर हा एकटाच. थोडक्यात, न्यूटन चुकला नाही आणि बघणारेही खोटं बोलत नव्हते.

१९७६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी केरळ पोलिसात नोकरी लागली. आपल्या घरचे म्हणतील, झालं, सेटल झाला! आमच्या पप्पांच्या दृष्टीने तर खेळाचा तेवढाच उपयोग. पण १९७९ मध्ये हा गडी अबुधाबीच्या क्लबकडून खेळायला निघाला आणि १९८२ मध्ये थेट इटलीला गेला. इटलीची लीग म्हणजे जगातले तगडे प्लेअर्स जमायची जागा. तिथे आधी एकही भारतीय गेलेला नव्हता, त्यामुळे जमलं नाही तर काय, हे विचारायलासुद्धा कुणी सिनिअर नाही. भाषा वेगळी, जेवण वेगळं, थंडी वेगळी. मी पुण्याला मावशीकडे आठ दिवस राहिलो तरी मला घरची आठवण येते! तो आधी ट्रेव्हिसोकडून खेळला, नंतर माँतिकियारीकडून.

देशाला मात्र त्याने सोडलं नाही. १९७४ तेहरान, १९७८ बँकॉक आणि १९८६ सोल, असे तीन एशियाड तो भारताकडून खेळला. सोलला भारताने जपानला हरवून ब्राँझ घेतलं. हेच जपान १९७२ चं ऑलिंपिक गोल्ड जिंकलेलं! १९६२ नंतर चोवीस वर्षांनी आपल्याला व्हॉलीबॉलमध्ये एशियाडचं मेडल मिळालं, आणि त्यानंतर पुरुषांच्या टीमला ते पुन्हा मिळालेलं नाही.

पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १९८७ ला, इटलीत रस्त्यावर झालेल्या कार अपघातात जिमी गेला. वय बत्तीस. आमच्या मित्राने हे सांगितलं तेव्हा ताटातली भाजी तशीच राहिली, आणि त्या दिवशी कारण भाजी नव्हतं.

तिरुवनंतपुरमला त्याच्या नावाचं इनडोअर स्टेडियम आहे. ते ठीक, आपल्या माणसाचं नाव आपण देतोच. पण इटलीतल्या माँतिकियारीच्या लोकांनीही त्यांच्या स्पोर्ट्स हॉलला पालाजॉर्ज हे नाव दिलं. जॉर्ज म्हणजे हाच आपला पेरावूरचा.

यंदा युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसाठी माझं नाव आलंय. तारखा नेमक्या सबमिशनच्या, मागच्या सेमची एम-थ्रीची केटी अजून डोक्यावर आहे, आणि पप्पांना मी अजून फोन केलेला नाही. फॉर्म गादीखाली आहे. जिमखान्याच्या सरांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत मागितलाय.