एका पहिल्या प्रयोगाची किंमत

पाश्चात्य संगीताशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे, त्यांना सर्गेई रखमानिनॉव्ह हे नाव पियानोच्या दुसऱ्या कंचेर्टोमुळे ठाऊक असते. या लोकप्रिय रचनाकाराची पहिली सिंफनी मात्र त्याच्या हयातीत एकदाच वाजली आणि त्यानंतर ४८ वर्षे कोणाच्याही कानी पडली नाही. एखादी कृती पडली असे आपण सहज म्हणून जातो. परंतु कृती पडली की तिचा प्रयोग पडला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. रखमानिनॉव्हच्या बाबतीत त्याचे उत्तर मिळाले तेव्हा तो हयात नव्हता.

त्याचा जन्म १८७३ साली, नोव्हगोरोद प्रांतातील जमीनदार घराण्यात झाला. वडिलांच्या उधळेपणामुळे एकामागून एक जमिनी गेल्या आणि कुटुंब सेंट पीटर्सबर्गच्या भाड्याच्या घरात येऊन पडले. तेथील संगीत विद्यालयात मुलाचे लक्ष लागेना, तेव्हा त्याची रवानगी मॉस्कोत झ्वेरेव्ह या करड्या शिक्षकाकडे झाली. १८९२ मध्ये तो सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. त्याच वर्षी लिहिलेले पियानोचे एक छोटे प्रील्यूड पुढे जगभर गाजले, पण त्यापोटी त्याच्या हाती आले अवघे ४० रुबल. रशियाबाहेर त्याला कॉपीराइटचे संरक्षण नसल्याने परदेशातील नफा परक्या प्रकाशकांनी खिशात घातला. अर्थशास्त्राच्या वर्गात सांगण्याजोगे हे उदाहरण आहे.

१८९५ मध्ये त्याने पहिली सिंफनी पूर्ण केली. चारही भागांच्या आरंभी येणारी तीच छोटी, दातओठ खाऊन म्हटल्यासारखी स्वराकृती, रशियन चर्चमधील प्रार्थनागीतांची छाया, आणि शेवटी विजयाऐवजी विनाशाकडे झुकणारा घोष असे तिचे स्वरूप आहे. तोल्स्तोयने ‘अॅना कॅरेनिना’च्या आरंभी घातलेले बायबलातील सूडाविषयीचे वचनच या तरुणाने आपल्या स्वरलिपीवर लिहिले होते. रचना निर्दोष नाही. वाद्यांची गर्दी काही ठिकाणी खटकते आणि तिसरा भाग मध्येच रेंगाळतो. पण तीत जी निर्भयता आहे ती नंतरच्या रखमानिनॉव्हमध्ये क्वचितच आढळते.

मार्च १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे ती प्रथम वाजली. वाद्यवृंदाचे संचालन अलेक्झांडर ग्लाझुनॉव्हकडे होते. आपल्याकडे गायक मैफलीत बंदिश स्वतःच उलगडतो आणि अंदाज चुकला तर तेथल्या तेथे सावरतो. सिंफनीच्या रचनाकाराला ती सोय नाही. त्याच्या हातून कागद सुटला की सारे काही संचालकावर, वादकांवर आणि तालमींवर अवलंबून राहते. येथे तालमी अपुऱ्या होत्या, त्याच कार्यक्रमात इतरही नव्या रचना होत्या, आणि ग्लाझुनॉव्हला या संगीताविषयी आस्था नव्हती. तो मद्याच्या अमलाखाली होता असेही पुढे सांगण्यात आले. पण त्याला पक्का पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. रचनाकार त्या रात्री सभागृहाबाहेरच्या जिन्यावर बसून आपल्या कृतीची दुर्दशा ऐकत होता. सेझार क्युई या समीक्षकाने तर ही रचना नरकवासीयांनाच रुचेल अशा आशयाचे लिहिले. मॉस्को आणि पीटर्सबर्ग यांच्यातील जुन्या चुरशीचा वास या टीकेला होता.

त्यानंतर सुमारे तीन वर्षे रखमानिनॉव्हच्या हातून मोठे असे काही लिहून झाले नाही. मामोंतॉव्हच्या खाजगी ऑपेरात संचालकाची नोकरी आणि शिकवण्या यांवर त्याने दिवस काढले. १९०० मध्ये डॉ. निकोलाय दाल यांच्या उपचारांनी त्याला आत्मविश्वास परत मिळाला. दुसरा कंचेर्टो लिहून झाला आणि कृतज्ञतेने त्यांनाच अर्पण झाला. १९१७ च्या क्रांतीनंतर त्याने देश सोडला. सिंफनीची मूळ स्वरलिपी रशियातच राहिली आणि नाहीशी झाली. चाळिशी उलटल्यावर त्याने अमेरिकेत केवळ पियानोवादनावर संसार नव्याने उभा केला, आणि त्याची किंमत लेखणीला मोजावी लागली: पुढच्या पंचवीस वर्षांत क्रमांकित अशा सहाच कृती. तो ध्वनिमुद्रणाच्या कामातही अत्यंत दक्ष होता. आपली तिसरी सिंफनी त्याने १९३९ मध्ये स्वतः संचालन करून मुद्रित केली. पहिलीला ते भाग्य लाभणे शक्यच नव्हते. २८ मार्च १९४३ रोजी तो कॅलिफोर्नियात निवर्तला.

पुढे लेनिनग्राडच्या संग्रहात वादकांच्या सुट्या प्रती सापडल्या. त्यांवरून स्वरलिपी पुन्हा जुळवण्यात आली आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये मॉस्कोत अलेक्झांडर गाउकने ती वाजवली. श्रोत्यांपुढे आली ती एक समर्थ रचना होती. आज तिच्या अनेक ध्वनिमुद्रिका आहेत, आणि त्या लागोपाठ ऐकल्या की प्रयोग म्हणजे काय ते कळते. स्व्हेत्लानॉव्हच्या मुद्रणात रशियन पितळी वाद्यांचा कर्कश, रानटी कंप आहे. अखेरच्या घंटानादानंतरचा भाग तो एवढा जड करतो की भिंत कोसळते आहे असे वाटावे. आंद्रे प्रेव्हिन संथ भागाला श्वास घेऊ देतो. अश्केनाझी तिला वेगाने, जवळजवळ संतापाने हाकतो. माझ्या मते या तरुण रचनेला तोच अधिक शोभतो, जरी प्रथम ऐकणाऱ्याने प्रेव्हिनपासून आरंभ करावा. कागदावरचे स्वर तेच, कृती मात्र दर वेळी वेगळी. मग क्युईने त्या रात्री नेमके कशावर मत दिले होते?

फिलाडेल्फियाच्या युजीन ऑर्मंडीच्या मुद्रणात ही खळबळ कमी आणि तंतुवाद्यांचा झळाळ अधिक आहे. पण त्याला एक वेगळेच महत्त्व आहे. रखमानिनॉव्हची अखेरची कृती ‘सिंफॉनिक डान्सेस’ जानेवारी १९४१ मध्ये ऑर्मंडीनेच प्रथम सादर केली. तिच्या पहिल्या नृत्याच्या शेवटी एक शांत, उजळ धून येते. ती या हरवलेल्या सिंफनीचीच मुख्य स्वराकृती आहे, पण सारा कडवटपणा गळून गेलेली. ती ओळखू शकेल असा त्या सभागृहात रचनाकाराखेरीज बहुधा कोणी नव्हता. सात वर्षांनी, १९४८ मध्ये, ऑर्मंडीने त्याच वाद्यवृंदासह पहिली सिंफनी अमेरिकेत प्रथम वाजवली, तेव्हा ती धून कोठून आली होती हे वादकांना समजले.