वाल्डेमार हाफकिन

काल्हेरहून मुंबईस जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कानी परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आले असेल. ते नाव ज्यांचे, ते वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसा येथे जन्मले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस सिद्ध केली व १८९२ साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवताच सरकारने त्यांस पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी अल्पावधीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी आपल्याच अंगी टोचली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेव्हा लस घेतलेले व न घेतलेले कैदी ह्यांची तुलना करून त्यांनी तिचा गुण दाखवून दिला.

परंतु १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन ह्यांच्या माथी आला व त्यांचे पद गेले. प्रयोगशाळेची लस निर्दोष होती, हे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. तरीही ते हिंदुस्थानात परतले व १९१४ पर्यंत कलकत्त्यास संशोधन करीत राहिले.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली लोझान येथे ते निवर्तले. जो उपाय लोकांस सांगावयाचा, तो आधी स्वतः करून पाहावा, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय.